समासातील टीका आणि गायिलेले आख्यान : ‘द राइम ऑफ द एन्शंट मॅरिनर’ या हेवी मेटल गीताची घडण आणि वारसा

१. प्रास्ताविक

साहित्यकृतीचे एका माध्यमातून दुसऱ्या माध्यमात होणारे स्थलांतर हा तौलनिक साहित्याभ्यासाचा मान्य विषय आहे. कादंबरीचे नाटक होणे, नाटकाचा चित्रपट होणे यांविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. कवितेचे गीत होते तेव्हा मात्र चर्चा बहुधा चाल, गायकी आणि भावानुकूलता यांच्यापलीकडे जात नाही. दीर्घ कथनपर कविता गायिली जाते तेव्हा तिच्या संहितेचे नेमके काय होते, तिच्यातील निवेदक कोण उरतो, कोणता शब्द टिकतो आणि कोणता गळतो, हे प्रश्न सहसा विचारले जात नाहीत. प्रस्तुत लेखात हे प्रश्न एका अनपेक्षित उदाहरणाच्या आधारे विचारावयाचे आहेत. ते उदाहरण म्हणजे इंग्रज कवी सॅम्युएल टेलर कोलरिज यांच्या ‘द राइम ऑफ द एन्शंट मॅरिनर’ या कवितेवर ‘आयर्न मेडन’ या वाद्यवृंदाने १९८४ मध्ये रचलेले त्याच नावाचे हेवी मेटल गीत.

मराठीच्या अभ्यासकाने या विषयाकडे का वळावे, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. तिचे एक उत्तर अध्यापनाच्या अनुभवात आहे. अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यातील विद्यार्थी एकाच वेळी दोन श्रवणसंस्कृतींत वावरतो. बेलवलीसारख्या जुन्या गावाच्या परिसरात हरिनाम सप्ताहातील कीर्तन त्याच्या कानांवर पडते आणि लोकलच्या प्रवासात तोच विद्यार्थी कानांत यंत्र घालून परदेशी वाद्यवृंद ऐकत असतो. यांपैकी पहिल्या श्रवणाला आपण परंपरा म्हणतो, दुसऱ्याला गोंगाट. ही विभागणी तपासून पाहिली पाहिजे. दुसरे उत्तर अधिक शास्त्रीय आहे. या गीताची संहिता ज्या रीतीने घडली आहे, ती रीत समजावून घेण्यासाठी आवश्यक असणाऱ्या संकल्पना मराठीच्या आख्यानपरंपरेत आणि टीकापरंपरेत तयार आहेत. त्या लावून पाहिल्या असता गीताचे एक वैशिष्ट्य स्पष्ट दिसू लागते.

२. मूळ कविता : बॅलड आणि तिची समासटीका

कवितेचा जन्म नोव्हेंबर १७९७ मधील एका पदयात्रेत झाला. इंग्लंडच्या सॉमरसेट परगण्यातील टेकड्यांतून कोलरिज, वर्डस्वर्थ आणि वर्डस्वर्थ यांची भगिनी डोरोथी हिंडत असता प्रवासखर्च भागविण्यासाठी एखादी कविता लिहून ती नियतकालिकाला द्यावी, असा बेत ठरला. जॉर्ज शेल्व्हॉक यांच्या १७२६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सागरप्रवासवृत्तात एका खलाशाने ॲल्बट्रॉस हा समुद्रपक्षी मारल्याचा उल्लेख आहे. तो प्रसंग वर्डस्वर्थ यांनी सुचविला. कवितेचा विस्तार कोलरिज यांनी केला आणि १७९८ मध्ये ‘लिरिकल बॅलड्स’ या संग्रहाच्या आरंभी ती छापली गेली.

कथानक थोडक्यात असे : लग्नाला निघालेल्या तिघा पाहुण्यांपैकी एकाला एक वृद्ध खलाशी अडवितो आणि आपली कहाणी ऐकावयास लावतो. त्याचे जहाज दक्षिणेच्या हिमप्रदेशात सापडले असता तेथे आलेला ॲल्बट्रॉस त्याने निष्कारण मारला. सोबत्यांनी प्रथम त्याला दोष दिला. धुके निवळताच त्याच कृत्याचे समर्थन केले. पुढे वारा पडला, जहाज थबकले, पाण्याच्या मधोमध तहानेने जीव कासावीस झाले आणि मृत पक्षी खलाशाच्या गळ्यात बांधण्यात आला. एका भुताळी जहाजावर मृत्यू आणि ‘जिवंतपणीचे मरण’ ही दोघे फाशांचा खेळ खेळली. खलाशी दुसरीच्या वाट्याला आला आणि दोनशे सोबती एकेक करून कोसळले. सात दिवस आणि सात रात्री तो प्रेतांच्या नजरा सोशीत राहिला. मग चांदण्यात पाण्यातील सर्प पाहताना त्याच्या अंतःकरणातून त्यांच्यासाठी आशीर्वाद उमटला आणि गळ्यातील पक्षी गळून समुद्रात पडला. तो मायदेशी परतला. परंतु ठिकठिकाणी फिरून ही कहाणी सांगत राहण्याची सक्ती त्याच्यामागे कायमची लागली.

येथे दोन गोष्टी लक्षात घ्यावयास हव्यात. पहिली, ‘बॅलड’ हा मुळात लोकांच्या तोंडी असणारा गेय कथनप्रकार होय. मराठीत त्याला जवळचा शब्द म्हणून ‘पोवाडा’ रूढ झाला. ॲकवर्थ आणि शाळिग्राम यांनी १८९१ मध्ये पोवाडे संकलित करून प्रसिद्ध केल्यानंतर ॲकवर्थ यांनी त्यांतील निवडक रचनांचे इंग्रजी रूपांतर ‘बॅलड्स’ याच नावाने दिले. कोलरिज यांची कविता मात्र गाण्यासाठी रचलेली बॅलड नव्हे. ती छापील पुस्तकासाठी, जुन्या बॅलडच्या धाटणीवर लिहिलेली आहे. पहिल्या आवृत्तीत तर तिची भाषा आणि लेखनपद्धतीही मुद्दाम जुनाट ठेवली होती.

दुसरी गोष्ट प्रस्तुत विवेचनाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची आहे. १८१७ मध्ये ‘सिबिलाइन लीव्ह्ज’ या संग्रहात ही कविता पुन्हा छापताना कोलरिज यांनी कडव्यांच्या बाजूला, पानाच्या समासात, गद्य टिपा जोडल्या. नंतरच्या बहुतेक आवृत्त्यांत त्या छापल्या जातात. कडव्यांत बोलतो तो मुख्यतः खलाशी, ‘मी’ आणि ‘आम्ही’ या रूपांत आणि भूतकाळात. टिपांत बोलतो तो कोणी विद्वान टीकाकार. तो खलाशाविषयी तृतीयपुरुषात आणि बव्हंशी वर्तमानकाळात बोलतो, घटनांचा सारांश देतो आणि त्यांचा नैतिक अर्थही सांगून टाकतो. एकाच पानावर मूळ आणि टीका अशा दोन संहिता, दोन आवाजांत, शेजारी शेजारी नांदतात.

३. गीताची घडण

‘आयर्न मेडन’ची स्थापना स्टीव्ह हॅरिस यांनी डिसेंबर १९७५ मध्ये पूर्व लंडनमध्ये केली. हॅरिस बेस गिटार वाजवितात आणि वाद्यवृंदाचे प्रमुख रचनाकारही तेच आहेत. साहित्यकृतींवर गीते रचणे या वाद्यवृंदाला नवे नव्हते. १९८१ मध्ये एडगर ॲलन पो यांच्या कथेवरून, तर १९८३ मध्ये टेनिसन यांच्या कवितेशी संबंधित असलेल्या क्रिमियन युद्धातील घोडदळाच्या चढाईवर त्यांनी गीते केली होती. त्याच वर्षी फ्रँक हर्बर्ट यांच्या ‘ड्यून’ या कादंबरीवरील गीताला तिचे नाव देण्याची परवानगी लेखकाने नाकारली होती. कोलरिज यांच्या कवितेबाबत असा प्रश्न नव्हता; ती केव्हाच सर्वांची झाली होती.

बहामा बेटांवरील नासाऊ येथील कंपास पॉइंट या ध्वनिमुद्रणगृहात, मार्टिन बर्च यांच्या देखरेखीखाली, ‘पॉवरस्लेव्ह’ ही ध्वनिमुद्रिका तयार झाली आणि सप्टेंबर १९८४ मध्ये प्रकाशित झाली. ‘राइम’ हे तिच्यातील अखेरचे गीत. शब्द आणि संगीत दोन्ही हॅरिस यांचे. गायन ब्रूस डिकिन्सन यांचे. गीताची लांबी साडेतेरा मिनिटांहून थोडी अधिक आहे. रेडिओवर वाजणारे गीत तीन-चार मिनिटांत आटोपावे, असा रिवाज असताना ही लांबी म्हणजे एका अर्थी संकेतभंगच होता.

संगीतदृष्ट्या गीताचे तीन भाग पडतात. पहिला भाग घोडदौडीच्या लयीचा आहे. गिटारीवर एक लहान, ठाशीव स्वरसमूह पुनःपुन्हा येतो आणि त्याच्या आधाराने कथा वेगाने पुढे सरकते. सोबती मरतात त्या ठिकाणी दुसरा भाग सुरू होतो. ढोल आणि गिटारींचा कल्लोळ थांबतो, केवळ बेस गिटारचे मोजके स्वर आणि जहाजाच्या लाकडाची करकर ऐकू येते आणि त्या शांततेत कवितेतील कडवी गायिली न जाता बोलली जातात. मग आवाज हळूहळू चढत जातो, शापविमोचनाच्या क्षणी गायकाचा स्वर किंचाळीपर्यंत पोहोचतो आणि पाऊस कोसळावा तशी सर्व वाद्ये एकदम कोसळतात. तिसऱ्या भागात पहिली लय परत येते आणि कथेचा उपसंहार होतो. गोंगाट हाच ज्या संगीतप्रकाराचा स्थायीभाव समजला जातो, त्यातील या गीताचा गाभा एका दीर्घ शांततेत आहे, ही गोष्ट नोंदविण्यासारखी आहे.

४. गीताची संहिता : कडवी की टिपा?

हॅरिस यांनी कवितेचा सारांश स्वतःच्या साध्या शब्दांत दिला आणि मूळ कवितेतील दोन उतारे जसेच्या तसे त्यात बसविले, असे या गीताचे वर्णन सामान्यतः केले जाते. ते खरे आहे, पण अपुरे आहे. गीताची संहिता कवितेच्या १८१७ नंतरच्या पाठाशी ओळ-ओळ ताडून पाहिली असता एक वेगळीच गोष्ट आढळते. गीतातील ‘साधे शब्द’ अनेक ठिकाणी कोलरिज यांच्या समासटीकेचे शब्द आहेत.

काही स्थळे पाहू. मारलेल्या पक्ष्याचा शुभशकुनी पक्षी म्हणून निर्देश. धुके निवळल्यावर कृत्याचे समर्थन करून सोबती स्वतः त्या अपराधाचे भागीदार बनले, हा निवाडा. ॲल्बट्रॉसचा सूड सुरू झाल्याची घोषणा. मृतांच्या डोळ्यांत शाप जिवंत राहिल्याचे विधान. मंत्राची पकड सुटू लागल्याचे वाक्य. आणि ईश्वराने निर्मिलेल्या सर्वांवर प्रेम करावे हे खलाशाने स्वतःच्या उदाहरणाने शिकवावे, हा अखेरचा बोध. या सर्व जागी गीताचा शब्द कडव्यापेक्षा टिपेला जवळचा आहे. काहींमधील आशय कडव्यांत सूचित होतो, परंतु त्याचे उच्चारण टीपच करते. अपराधाच्या भागीदारीचा निवाडा तर कडव्यांत कोणी देतच नाही.

व्याकरणही हीच साक्ष देते. गीताचे कथन टिपांप्रमाणे तृतीयपुरुषी आणि मुख्यतः वर्तमानकाळी आहे. याला ठळक अपवाद आहेत ते उद्धृत केलेल्या दोन उताऱ्यांचे. पहिला उतारा थबकलेल्या जहाजाचा आणि तहानेचा. तेथे ‘आम्ही’ बोलतो. दुसरा सोबत्यांच्या मृत्यूचा. तेथे मरणारे ‘मला’ डोळ्यांनी शाप देतात. दोन्ही खलाशाच्या तोंडचे, दोन्ही भूतकाळातील. म्हणजे मूळ कवितेचा आवाज गीतात दोनदाच थेट ऐकू येतो आणि तोही यातनेच्या दोन परमोच्च जागी. विशेष म्हणजे पहिल्या उताऱ्याच्या लगेच आधी, तहानेचे वर्णन करता करता, तृतीयपुरुषी निवेदकाच्या तोंडून एक ‘मी’ निसटतो. जणू सांगणारा त्या क्षणी स्वतःच जहाजावर चढला आहे.

१८१७ च्या छापील पानावर मूळ मध्यभागी होते आणि टीका समासात. गीतात हे स्थान पालटले आहे : टीका मध्यभागी आली आणि मूळ तिच्यात प्रमाणवचनासारखे जडविले गेले.

५. ‘नकळत’ : गळलेला शब्द

या पालटाची किंमत कोणती, हेही पाहिले पाहिजे. कवितेच्या चौथ्या भागात खलाशी पाण्यातील सर्पांना आशीर्वाद देतो, त्या कडव्यात ‘नकळत’ या अर्थाचा शब्द दोनदा येतो. कवितेचा नैतिक अर्थ या एका शब्दावर तोललेला आहे. पक्ष्याची हत्या निष्कारण होती. सुटकाही खलाशाच्या इच्छेने किंवा प्रयत्नाने झालेली नाही. प्रार्थना करू पाहताना त्याला ती करता आली नव्हती. आशीर्वाद नकळत उमटला आणि त्यानंतर प्रार्थना शक्य झाली. हा क्रम महत्त्वाचा आहे.

गीतात हा शब्द नाही. खलाशी चांदण्यात प्रार्थना करतो आणि अंतःकरणाने आशीर्वाद देतो, असे तेथे म्हटले आहे. प्रार्थना आधी आली आणि आशीर्वाद हेतुपूर्वक झाला. सहज कृपेचा प्रसंग पश्चात्तापाचा प्रसंग बनला. मराठी वाचकाला या फरकाचे मोल समजण्यास अजामिळाची कथा पुरेशी आहे. अजामिळाने मरणसमयी ‘नारायण’ अशी हाक मारली ती आपल्या मुलाला. त्याने देवाचे नाव जाणूनबुजून घेतले असे सांगितले, तर कथा उरते, पण तिचा प्राण जातो.

परंतु या उणिवेची जबाबदारी एकट्या गीतकाराची नाही. या जागी कोलरिज यांनी स्वतः लिहिलेल्या समासटिपेतही ‘नकळत’ हा शब्द नाही. खलाशी त्या जीवांना अंतःकरणात आशीर्वाद देतो, एवढेच ती सांगते. कवीने टीकाकार होताच आपल्याच कवितेतील सर्वांत नाजूक शब्द सोडून दिला आणि टीकेला अनुसरणाऱ्या गीताने तो गमावला. टीकेवर विसंबून मूळ सांगणाऱ्या प्रत्येक पुनर्कथनातील हा धोका आहे. वर्गात टिपणांच्या आधारे कविता शिकविणाऱ्या आपल्यासारख्यांनाही तो परका नाही.

शब्दाने गमावलेले संगीताने काही अंशी परत मिळविले आहे का? माझ्या मते, होय. त्या जागी ताण अत्यंत संथपणे वाढत जातो आणि अखेरचा स्फोट शब्दांच्या तर्कातून येत नाही, तो अंगावर येऊन कोसळतो. प्रार्थना केली म्हणून फळ मिळाले, असे शब्द सांगतात. काही तरी एकदम सुटले, असे कान ऐकतात. ‘नकळत’चा अर्थ तेथे अंशतः शिल्लक आहे.

६. कीर्तनाची रीत

टीका मध्यभागी आणि मूळ प्रमाणवचन म्हणून, ही रचना मराठी श्रोत्याच्या पूर्ण परिचयाची आहे. नारदीय कीर्तनाच्या उत्तररंगात कीर्तनकार आख्यान आपल्या शब्दांत, बहुधा वर्तमानकाळात, समोर घडत असल्यासारखे सांगतो. निर्णायक जागी तो थांबतो आणि मोरोपंतांची आर्या किंवा वामन पंडितांचा श्लोक म्हणतो. वर्णन धावते करावयाचे असेल तेव्हा अमृतरायांच्या वळणाचा कटाव येतो. ‘ऐका’, ‘पाहा’ अशी आज्ञार्थी रूपे श्रोत्याला प्रसंगात ओढून घेतात. गीताचा आरंभही अशाच दोन आज्ञार्थांनी होतो : ऐकण्याची आज्ञा आधी, पाहण्याची नंतर. त्यातील घोडदौडीची लय कटावाचे काम करते आणि मधल्या शांततेत बोलले जाणारे कडवे आर्येचे. प्रत्यक्ष कार्यक्रमांत डिकिन्सन या गीताच्या प्रस्तावनेत पक्ष्याच्या विष्ठेवरून एक ग्राम्य विनोद करीत असत. गंभीर आख्यानाआधी श्रोत्याला सैल करण्याची ही युक्तीही कीर्तनकाराला अपरिचित नाही.

येथे प्रभावाचा दावा नाही. हे साम्य प्रकारगत आहे आणि त्याला मर्यादाही आहेत. कीर्तनाचे अंतिम प्रयोजन भक्ती आहे आणि कीर्तनकार त्याच प्रयोगात अर्थाचे विवरणही करतो. हेवी मेटल गीत हा व्यावसायिक प्रयोग आहे. त्यात निरूपण नाही, पूर्वरंग नाही. तरीही साम्य दुर्लक्षिण्याजोगे नाही. दीर्घ कथा समुदायापुढे गाऊन सांगावयाची झाली की सारांश, प्रमाणवचन, लयबदल आणि श्रोत्याला संबोधन ही साधने पुनःपुन्हा लागतात, असे त्यावरून दिसते.

मोरोपंतांचा मृत्यू १७९४ चा आणि कोलरिज यांची कविता १७९८ ची. एका परंपरेत व्यासांची कथा पुन्हा सांगणे हीच कवीची प्रतिष्ठा होती. दुसऱ्या परंपरेत स्वतंत्र कल्पनाशक्तीचे युग सुरू होत होते. केशवसुतांपासून आपण दुसऱ्या परंपरेचे निकष स्वीकारले आणि पुनर्कथनाकडे दुय्यम कृती म्हणून पाहू लागलो. ‘मूळ कविता बिघडविली’ हा आक्षेप त्या निकषातून येतो. तो जसाच्या तसा मान्य केला, तर मुक्तेश्वर, श्रीधर आणि मोरोपंत यांनाही त्याच न्यायाने बाद करावे लागेल. ‘ज्ञानेश्वरी’ तर टीका म्हणूनच लिहिली गेली आणि स्वतः मूळ झाली.

७. वारसा

ऑगस्ट १९८४ ते जुलै १९८५ या जगभरच्या दौऱ्यात हे गीत सादर झाले आणि १९८५ च्या ‘लिव्ह आफ्टर डेथ’ या प्रत्यक्ष कार्यक्रमांच्या ध्वनिमुद्रिकेत त्याचा समावेश झाला. साहित्यकृतीवर दीर्घ गीत रचण्याचा मार्ग या संगीतप्रकारात अनेकांनी चोखाळला. ‘मेटॅलिका’ने १९८४ मध्ये हेमिंग्वे यांच्या आणि १९८८ मध्ये डाल्टन ट्रंबो यांच्या युद्धविषयक कादंबऱ्यांवरून गीते केली. ‘आयर्न मेडन’च्या स्वतःच्या रचनांत लांबीच्या बाबतीत ‘राइम’चा उच्चांक मोडला तो २०१५ मध्ये, १९३० मधील एका ब्रिटिश हवाई जहाजाच्या अपघातावरील, डिकिन्सन यांनी रचलेल्या अठरा मिनिटांच्या गीताने.

महाराष्ट्राच्या दृष्टीने एक नोंद आवश्यक आहे. १९८० च्या दशकातील रचनांना वाहिलेला ‘समव्हेअर बॅक इन टाइम’ हा जागतिक दौरा १ फेब्रुवारी २००८ रोजी मुंबईत, वांद्रे-कुर्ला संकुलातील कार्यक्रमाने सुरू झाला आणि सुमारे दोन दशकांच्या खंडानंतर ‘राइम’ रंगमंचावर परतले ते त्याच दौऱ्यात. या दौऱ्यावरील ‘फ्लाइट ६६६’ हा माहितीपट २००९ मध्ये प्रदर्शित झाला. सॉमरसेटच्या टेकड्यांत प्रवासखर्चासाठी योजलेली कविता २१० वर्षांनी मिठी नदीच्या काठी हजारो श्रोत्यांपुढे गायिली गेली. त्यांतील किती जणांनी कोलरिज वाचला होता, हा प्रश्न गौण आहे. पंढरीच्या वाटेवरील किती जणांनी ‘गाथा’ छापील पानावर वाचलेली असते?

८. समारोप

वरील विवेचनातून तीन गोष्टी निष्पन्न होतात. एक, या गीताचा मुख्य आधार कडव्यांइतकाच, किंबहुना काही जागी कडव्यांहून अधिक, कोलरिज यांची समासटीका आहे. दोन, टीका आणि मूळ यांची ही सांगड आख्यानपर कीर्तनाच्या रीतीशी प्रकारगत साम्य दाखविते. म्हणून त्याचे मूल्यमापन आख्यानाच्या निकषांवर करणे अधिक न्याय्य ठरते. तीन, त्या निकषांवर गीत बहुतांशी यशस्वी ठरते, मात्र ‘नकळत’ या शब्दाच्या जागी उणे पडते. ही उणीव त्याने टीकेकडून वारशात घेतली आहे.

कवितेची अखेर श्रोत्यावर होते : लग्नाला न जाता परतलेला पाहुणा दुसऱ्या दिवशी अधिक खिन्न आणि अधिक शहाणा होऊन उठतो. गीत त्याच्यापुढे एक पाऊल जाते आणि कहाणी पुढे चालूच राहते, असे सांगून थांबते. कवितेने श्रोत्याचे काय झाले हे सांगितले. गीताने कथेचे काय होते हे सांगितले. विद्यार्थ्याच्या कानातील गाण्यात अशी एखादी कथा असेल, तर तिचे मूळ पान त्याच्यापुढे उघडून, समासात काय आहे आणि मध्यभागी काय आहे, हे त्याला दाखविणे अध्यापकाच्या हाती आहे. गळलेला शब्द तेथेच सापडेल.